राग कुठे ठेवायचा?

वहीच्या पहिल्याच ओळीत तिने लिहिलं होतं, 'आय ॲम अँग्री ऑन यू.' मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. ती त्याच वर्गातली. सराव म्हणून मैत्रिणीला चार ओळींचं पत्र लिहायला सांगितलं होतं. मी सवयीने 'ऑन' खोडलं, त्याच्या डोक्यावर 'विथ' लिहिलं आणि पुढच्या वहीकडे वळले. तिने मात्र खोडलेल्या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, विथ म्हणजे सोबत ना? मग मी आणि मैत्रीण दोघी मिळून तिसऱ्याच कुणावर तरी रागावलोय, असं नाही का होणार?"

"इंग्रजीत तसंच म्हणतात," मी म्हणाले. तिने मान डोलावली आणि वही मिटली. ते मिटणं माझ्या लक्षात राहिलं. तिचा प्रश्न योग्य होता, माझं उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर मी मराठीतला 'वर' शोधायला बसले. आपण माणसावर रागावतो, माणसावर प्रेम करतो, विश्वास ठेवतो, संशय घेतो. उपकार माणसावर होतात, अन्यायही माणसावरच होतो. श्रद्धा देवावर, जबाबदारी खांद्यावर. मराठीत भावना वरून खाली येते आणि समोरच्याला झाकते. माया तर आपण पांघरतोच. इंग्रजीत यातली एकेक गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. रागाला 'विथ' किंवा 'ॲट', श्रद्धेला 'इन', संशयाला 'ऑव्ह', दयेला 'टू', आणि 'लव्ह'ला काहीच नाही. तिथे कर्म क्रियापदाला थेट चिकटतं. तिने 'ऑन' लिहिलं तेव्हा ती चुकून कुठला तरी शब्द टाकत नव्हती. तिच्या भाषेने तिला आयुष्यभर जे शिकवलं होतं, ते ती प्रामाणिकपणे वापरत होती. लाल शाईत हे कुठेच दिसत नाही.

तेव्हापासून मी खोडायच्या आधी थांबते. ही चूक कुठल्या मराठी वाक्यातून आली असेल, हे आधी शोधते. बहुतेक वेळा ते वाक्य सापडतं.

जागा दाखवणारे शब्द घ्या. आपल्याला वाटतं, आत म्हणजे आत आणि वर म्हणजे वर, यात भाषेचा काय संबंध? पण अंगठी बोटात असते की बोटावर? नीट पाहिलं तर बोटच अंगठीच्या आत असतं. तरी मराठी म्हणते अंगठी बोटात, चप्पल पायात, हार गळ्यात. इंग्रजी म्हणते अंगठी बोटावर, चप्पल पायावर, हार गळ्याभोवती. झाडाचं उदाहरण मला त्याहून आवडतं. आपण म्हणतो झाडावर पक्षी आणि झाडाला फळ. इंग्रजीत फळ 'ऑन द ट्री' आणि पक्षी 'इन द ट्री'. इंग्रजीच्या डोळ्यांना झाड म्हणजे पानाफांद्यांनी भरलेली एक पोकळी दिसते आणि पक्षी तिच्या आत बसलेला असतो. फळ झाडाच्या अंगाला चिकटलेलं, म्हणून 'ऑन'. आपल्याला पक्षी फांदीच्या वर दिसतो, आणि फळ झाडाला लागतं. झाड तेच, पाहणारे डोळे दोन.

सुनजा चोई आणि मेलिसा बोअरमन या संशोधकांनी १९९१ साली कोरियन आणि इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरियनमध्ये 'कीता' हे क्रियापद एखादी वस्तू दुसरीत घट्ट बसवण्यासाठी वापरतात. बोटात अंगठी असो की पेनाला टोपण, घट्ट बसलं की 'कीता'. इंग्रजीत जिथे 'इन' आणि 'ऑन' असे दोन कप्पे आहेत, तिथे कोरियन भाषा घट्ट की सैल असं विचारते. मुलं हे कप्पे दोन वर्षांची व्हायच्या आतच उचलतात. एवढ्या लहानपणी बसलेली घडी तिशीत, चाळिशीत इंग्रजी शिकताना उलगडायची असेल, तर वेळ लागणारच.

सर्वांत जास्त घोळ ज्या दोन शब्दांनी होतो, ते मला आता पाठ झालेत: 'पासून' आणि 'पर्यंत'.

'मी सोमवारपासून इथे आहे' आणि 'मी दोन वर्षांपासून इथे आहे'. मराठीला यात काही फरक वाटत नाही. इंग्रजीला फार मोठा वाटतो. सोमवार हा सुरुवातीचा खांब, त्याला 'सिन्स'. दोन वर्षं ही लांबी, तिला 'फॉर'. म्हणून 'सिन्स टू इयर्स' हे वाक्य आपल्याकडे इतकं ऐकू येतं. ते म्हणजे 'दोन वर्षांपासून'चा शब्दाला शब्द अनुवाद. मी वर्गात सांगते, बोलण्याआधी मनात प्रश्न विचारा. उत्तर 'कधीपासून'चं असेल तर 'सिन्स', 'किती काळ'चं असेल तर 'फॉर'. क्रियापदही सोबत बदलतं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. 'आय ॲम वर्किंग' म्हटलं तर इंग्रजी कानाला त्यात फक्त आत्ताचा क्षण ऐकू येतो, मागची दोन वर्षं गळून पडतात.

'पर्यंत'ने मला स्वतःला एकदा अडचणीत टाकलं. मी नुकतीच अनुवादाची कामं घेऊ लागले होते. परदेशातल्या एका संपादकांना मी लिहिलं, 'आय विल सेंड द ट्रान्सलेशन टिल फ्रायडे.' माझ्या मनात होतं, शुक्रवारपर्यंत अनुवाद पाठवते. बुधवारी त्यांचं पत्र आलं, अजून काहीच कसं आलं नाही? मला तो तगादा वाटला आणि वाईट वाटलं. शुक्रवार यायला दोन दिवस होते. त्यांनी मात्र माझं वाक्य जसं होतं तसंच वाचलं होतं: मी शुक्रवार येईस्तोवर अनुवाद पाठवत राहणार, थोडा आज, थोडा उद्या. मला हवा होता तो शब्द 'बाय' होता. 'टिल' आणि 'अनटिल' एखादी गोष्ट एका वेळेपर्यंत चालू राहते हे सांगतात. 'बाय' ती गोष्ट त्या वेळेच्या आत उरकेल असं सांगतो. मराठीत हे काम क्रियापद करतं. 'शुक्रवारपर्यंत थांब' आणि 'शुक्रवारपर्यंत पाठव' यांत 'पर्यंत' एकच, पण थांबणं लांबत जाणारं आणि पाठवणं एका क्षणात होणारं, म्हणून कुणाचा गोंधळ होत नाही. मराठीने जे ओझं क्रियापदावर टाकलं, ते इंग्रजीने त्या दोन अक्षरी शब्दावर टाकलं.

काही चुका याच्या उलट्या असतात, जिथे इंग्रजीला काहीच नको असतं आणि आपण देतो. 'डिस्कस अबाउट', 'मॅरी विथ', 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ'. विषयावर चर्चा, कुणाशी लग्न, मागे परत. कारणं उघड आहेत, इथे थांबायची गरज नाही.

खरी भीती बसते ती फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापद आणि त्याच्यामागचा छोटा शब्द अशा जोड्यांची. तीही आपल्यालाच वाटते असं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने कबूल केलं होतं की क्रियापदामागे एक छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याच्या या रीतीने परक्यांना सर्वांत जास्त त्रास होतो. उदाहरण म्हणून 'कम ऑफ', 'फॉल ऑन', 'ब्रेक ऑफ' अशी यादीही दिली. त्या वेळी या जोड्यांना आजचं नाव नव्हतं. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ मध्ये छापून रूढ केली, आणि ती आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचंही त्याने नोंदवलं. पण नाव मिळाल्याने शिकणाऱ्याचं काम सोपं झालं नाही. पुस्तकांत याद्या आल्या. 'लुक' घ्या आणि त्याच्यापुढे ॲट, आफ्टर, फॉर, इनटू, अप, डाउन ऑन लिहीत जा. विद्यार्थी अशा याद्या पाठ करतात आणि आठवड्याने त्यांच्या हातात फक्त 'लुक' उरतं. मीही अनेक वर्षं याद्याच देत होते. त्यांचा उपयोग होत नव्हता हे दिसत होतं, पण दुसरं काय द्यायचं ते सुचत नव्हतं.

ते सुचलं एका परदेशी सहकारी बाईंमुळे. त्यांना मराठी शिकायचं होतं आणि मी आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत बसायचे. एके दिवशी त्या 'लागणे'चा अर्थ विचारू लागल्या. मी सहज म्हटलं, स्पर्श होणे, इजा होणे. त्यांनी वही उघडून ऐकलेली वाक्यं वाचायला सुरुवात केली. भूक लागली. आग लागली. ठेच लागली. झोप लागली. नोकरी लागली. वेळ लागला. पत्ता लागला. नाद लागला. रडायला लागली. जावं लागलं. प्रवासात गाडी लागली. प्रत्येक ओळीनंतर त्या माझ्याकडे पाहायच्या आणि मी काही बोलायच्या आत पुढची वाचायच्या. मला एकही वाक्य अवघड वाटत नव्हतं आणि एकाचंही कारण देता येत नव्हतं. 'मराठीत तसंच म्हणतात' हे वाक्य ओठांवर आलं आणि मला ती मिटलेली वही आठवली.

पुढच्या आठवड्यात आम्ही 'सुटणे' घेतलं. वारा सुटला म्हणजे वारा सुरू झाला. शाळा सुटली म्हणजे शाळा संपली. घाम सुटला, सुरुवात. सवय सुटली, शेवट. गाडी सुटली तर ती निघाली, आणि माझी गाडी सुटली तर मी मागे राहिले. त्या म्हणाल्या, एकाच शब्दाने गोष्ट सुरू कशी होते आणि संपते कशी? आणि मला वर्गातला प्रश्न आठवला. तिथे कुणीतरी नेमकं हेच 'गो ऑफ'बद्दल विचारलं होतं: 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला, आणि 'द लाइट वेंट ऑफ' म्हणजे दिवा गेला, असं कसं? आता उत्तर माझ्या समोर होतं. 'ऑफ' म्हणजे सुटणं. आवाज कोंडलेला होता, तो सुटला. दिवा प्रवाहाला जोडलेला होता, तो सुटला. आधी काय धरून ठेवलं होतं ते कळलं, की सुरुवात की शेवट हे आपोआप कळतं. ज्याला वारा सुटणं आणि शाळा सुटणं एकाच दिवसात गोंधळाविना कळतं, त्याला 'गो ऑफ' कळायला काय हरकत आहे?

त्यानंतर मी वर्गात याद्या बंद केल्या आणि मराठीकडे वळले. आपली संयुक्त क्रियापदं फळ्यावर मांडली. लिहून घे. लिहून दे. लिहून ठेव. लिहून काढ. लिहून टाक. लिहिणं तेच, पण कुणासाठी, किती निगुतीने, एकदाचं संपवायला की जपून ठेवायला, हे सगळं दुसऱ्या क्रियापदात. 'खाऊन टाक' म्हणताना कुणी काही फेकत नाही. 'टाकणे' तिथे फेकण्याचा अर्थ सोडून पुरेपणाचा अर्थ घेतं. इंग्रजीत नेमकं हेच काम 'अप' करतं: 'ईट अप', 'यूज अप', 'टेअर अप'. वर जाण्याचा संबंध उरलेला नाही, काही शिल्लक राहू नये एवढंच. 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेवणं, 'राइट आउट' म्हणजे सविस्तर लिहून काढणं, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणं. 'पुट ऑफ' तर आपलं पुढे ढकलणंच. सगळ्याच जोड्या अशा जुळत नाहीत. जुळवायच्याच म्हणून ओढूनताणून जुळवूही नयेत. 'टेक आफ्टर' म्हणजे आईवडिलांवर जाणं, 'टेक इन' म्हणजे कधी समजून घेणं तर कधी फसवणं, यांना मराठीत थेट जोडीदार नाही. पण छोटा शब्द मोठ्या शब्दाचा अर्थ कसा वळवतो, हे आपल्या कानाला नवीन नाही, एवढं कळलं तरी भीती निम्मी होते.

वर्गातले एक वयस्क गृहस्थ संस्कृत शिकलेले होते. ते म्हणाले, "मग हे उपसर्गच झाले की." व्याकरणाच्या परंपरेत एक श्लोक प्रसिद्ध आहे, त्याचा आशय असा की उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे घेऊन जातो. त्यातली उदाहरणं सगळी 'हृ' या एकाच धातूची: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. मारणं, खाणं, नाश करणं, हिंडणं, दूर करणं. हे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांच्या पोटात एकच धातू आहे हे जाणवतही नाही. संस्कृतने छोटा शब्द पुढे लावला, इंग्रजीने मागे. आणि जुन्या इंग्रजीतही तो पुढेच लागायचा. 'अंडरस्टँड', 'ओव्हरकम', 'विथस्टँड' हे त्या काळचे उरलेले शब्द.

'विथस्टँड'पाशी मी स्वतःच थबकले. तग धरणं, विरोधात उभं राहणं. यात 'सोबत' कुठे आहे? जुन्या इंग्रजीत 'विथ'चा मुख्य अर्थच 'विरुद्ध' होता. 'सोबत'साठी तेव्हा 'मिड' हा वेगळा शब्द होता, जर्मनच्या 'मिट'चा भाऊबंद. पुढे 'मिड' मागे पडला आणि त्याचं काम 'विथ'ने उचललं. जुना अर्थ 'विथस्टँड'मध्ये राहिला, 'फाइट विथ'मध्ये राहिला. 'फाइट विथ'मध्ये माणूस समोर उभा असतो, शेजारी नव्हे.

हे मी तिला सांगितलं तेव्हा कित्येक महिने लोटले होते. ती विसरली असेल असं वाटलं होतं. तिने वही काढली, मागची पानं चाळली आणि माझ्या लाल 'विथ'खाली पेन्सिलीने 'समोर' असं लिहिलं.

सर्वनामाची जागा आणि जोर यांचा उल्लेख करायलाच हवा, कारण पुस्तकं तिथे घाईने पुढे जातात. 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालतं, पण दिव्याच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'लुक ॲट हर'मध्ये मात्र 'हर' शेवटीच. मोठ्याने बोलून पाहा. 'टर्न इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक ॲट हर'मध्ये 'ॲट' जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्याला जोर मिळतो त्याला शेवटी उभं राहायची ताकद असते. ज्याला नाही तो आपल्या नामाला धरून राहतो. 'ॲट', 'फॉर', 'टू', 'ऑव्ह' (of) हे जलद बोलण्यात इतके मिटतात की त्यांचा नुसता श्वास उरतो. शिकणाऱ्याला ते ऐकू येत नाहीत, म्हणून तो लिहिताना अंदाजाने भरतो. 'सी इट थ्रू' आणि 'सी थ्रू इट' यांतलं अंतरही असंच कानाने धरायचं. पहिल्यात काम तडीस नेणं, दुसऱ्यात एखाद्या बहाण्याच्या आरपार पाहणं. 'तडीस नेणं' म्हणजेही काठाला पोहोचवणंच, पाण्यातून पार.

परवा तिने आपण होऊन एक तक्ता करून आणला. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. 'बोलून दाखव', 'बोलून घे', 'बोलून टाक', आणि 'बोलून गेले'समोर 'ब्लर्टेड आउट'. शेवटची ओळ होती 'बोलून बसले', आणि तिच्यापुढची जागा रिकामी. जाणं आणि बसणं यांत फरक आहे, ती म्हणाली. बोलून गेले म्हणजे तोंडातून निसटलं. बोलून बसले म्हणजे आता ते परत घेता येत नाही, आणि मी तिथेच अडकले. आम्ही 'अप' लावून पाहिलं, 'आउट' लावून पाहिलं. काही बसेना. तास संपत आला तेव्हा तीच म्हणाली, एका मालिकेत ऐकलं होतं, एक बाई कपाळाला हात लावून म्हणत होती, 'आय वेंट अँड टोल्ड हिम.' ती कुठेही गेलेली नव्हती, घरातच होती. मग ते 'वेंट' कशाला?

मी फळ्यावरून मागे वळले. तिने रिकाम्या जागेत ते वाक्य लिहायला सुरुवात केली होती.